पोटात काही राहत नाही

बाबांचे डोळे पिवळे झाल्याचे घरात सर्वानुमते मान्य झाले, तेव्हा त्यांना यकृताच्या डॉक्टरांकडे नेण्यात आले. सोबत आई होती. घरी सांभाळायला कुणी नसल्यामुळे सहा वर्षांची लेकही होती. घरात तिला पिपाणी म्हणत.

"दारू घेता?" डॉक्टरांनी विचारले.

"छे हो! वासही सहन होत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, ती गच्चीवर टाकीमागे बाटली आहे ना तुमची?" पिपाणीने आठवण करून दिली.

बाबा पंख्याचे बारकाईने निरीक्षण करू लागले. आई ओशाळून हसली. "लक्ष देऊ नका हो डॉक्टर. हिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही."

डॉक्टर मोठ्यांचे होते; लहानांची पोटे त्यांच्या अखत्यारीत येत नव्हती. लक्षण मात्र गंभीर होते. त्यांनी पिपाणीला तातडीने बालविभागात पाठवले. बाटलीचा मुद्दा बालरुग्णाने उपस्थित केलेला असल्यामुळे तोही तिच्याबरोबर तिकडेच वर्ग झाला.

बालविभागात पिपाणीचे पोट दाबून, ठोकून, सोनोग्राफी करून पाहिले. आत खरोखरच काही सापडले नाही.

"पोटात गेलेलं किती वेळात बाहेर पडतं?" बालडॉक्टरांनी विचारले.

"कानावर पडल्या पडल्या. पाहुणे आले की जास्तच," आई म्हणाली.

"तीव्र स्वरूपाचं आहे," बालडॉक्टर म्हणाले आणि कडूजहर औषध लिहून दिले. "हिनं तोंड उघडलं, की एक चमचा."

लवकरच गुण आला. पिपाणी बोलण्याआधी चमचा कुठे आहे ते पाहू लागली, मग बोलेनाशीच झाली. सगळे पोटात राहू लागले. आईला केवढे हायसे वाटले!

पोट फुगले ते बाबांचे. त्यांना दाखल करावे लागले. डॉक्टर मंडळी खाटेभोवती जमली. तपासण्या झाल्या, कारण सापडेना.

"घरच्यांना काही माहीत असेल तर आत्ताच सांगा," मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले. "कारण कळलं तर माणूस अजून वाचेल."

आईने पिपाणीकडे पाहिले. बाबांनीही पाहिले, तिने तोंड उघडावे अशा आशेने, आणि तेही आयुष्यात प्रथमच.

"बोल ना गं बाळा," आई कुजबुजली.

पिपाणीने ओठ घट्ट मिटून घेतले.

सांगायला आईलाही येत होते, बाबांनाही. पण त्या दोघांची पोटे या बाबतीत पहिल्यापासूनच निरोगी होती.

बाटली कुठे आहे ते आता तुम्हालाही ठाऊक आहे. डॉक्टर अजून खाटेपाशीच उभे आहेत. पण तुम्हीही गप्पच. म्हणजे तुमचेही पोट ठणठणीत दिसते. अभिनंदन.