हमीवर आणलेला माणूस

"तीन सुना माझ्या शब्दावर ह्या घरात आल्या, एकीनं तोंड वर केलं न्हाई. एका गोऱ्याचं काय घिऊन बसलीस?" असं म्हणून भामाबाईंनी कागदावर सही ठोकली.

कागद होता निकोसच्या नोकरीच्या व्हिसाचा. तासगावच्या बाजूला भामाबाईंची बेदाण्याची शेड आहे. यंदा तिथं ग्रीस देशातून बेदाणा निवडायचं मशीन आलं. ते चालवणारा इथं कुणी मिळेना, म्हणून मशीनमागोमाग माणूसही आणायचा ठरला. पण परदेशी माणूस कामावर आणायचा म्हणजे मालकाला हमीपत्र लिहून द्यावं लागतं, की हे काम आमच्याकडं दुसऱ्या कुणाला येत नाही, आम्ही त्याला पगारावर ठेवतोय आणि तो इथं असेपर्यंत त्याच्या वागणुकीची जबाबदारी आमची. थोरली सून संयोगिता शिकलेली, शेडचे कागद तीच बघते. तिनं हे तीनदा वाचून दाखवलं. भामाबाईंच्या डोक्यात फक्त शेवटचं राहिलं.

निकोस आला. सहा फूट उंच, टोमॅटोसारखा लाल आणि भामाबाईंच्या मते उपाशी. जबाबदारी आपली म्हटल्यावर त्यांनी त्याला हॉटेलात राहू दिलं नाही, घरातच खोली दिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत त्याचं पान मांडायचं, भाकरीवर लोणी टाकत राहायचं आणि मधूनमधून संयोगिताला झापायचं, असा क्रम सुरू झाला. तिनं चहाचं भांडं उचललं की आवाज आलाच: "हात लावू नको गं. एक काम धड येत न्हाई तुला. सरक तिकडं." निकोस जेवत जेवत ऐकायचा. एकदा त्यानं आपलं ताट आपण उचललं, तर भामाबाई दिवसभर रुसून बसल्या. पुन्हा त्यानं ते धाडस केलं नाही.

आता एवढंच उरलं होतं, की पोलिसांकडं त्याची नोंदणी व्हायची होती. संयोगितानं अर्ज भरला आणि बजावलं, "आत्याबाई, चौकशीला साहेब येतील. हा आपल्याकडं कामाला हाय, एवढंच सांगा. जास्तीचं काय बोलू नका."

"मला शिकव तू," भामाबाई म्हणाल्या.

साहेब आले ते नेमके दुपारी दोनला. संयोगिता शेडवर. निकोस पुरणपोळ्या खाऊन झोपाळ्यावर घोरत पडलेला. त्यात शेजारच्या दगडाबाई गप्पा मारायला आलेल्या, आणि दगडाबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट सांजच्याला मलकापूरच्या त्यांच्या लेकीला फोनवर कळते. घरी आलेल्या पाहुण्याला त्यांच्यासमोर नोकर म्हणायचं? भामाबाईंची जीभच उचलेना.

"हा तुमच्याकडं कामाला आहे का?" साहेबांनी विचारलं.

"काम? दारात आलेल्या माणसाला आमी कामाला लावतो व्हय?"

"मग इथं करतो काय?"

"जेवतो."

"आणि?"

"झोपतो. पोरासारखाच हाय मला." आणि दगडाबाईंकडं एक नजर टाकून त्यांनी पुढं जोडलं, "आल्यापास्नं ताटसुदीक उचलू दिलं न्हाई त्याला."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. आपल्या बोलण्यातला शब्दन् शब्द कागदावर चढतोय बघून भामाबाई खूश झाल्या.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. माणूस नोकरीच्या व्हिसावर आलाय आणि मालकीणच म्हणते तो नोकर नाही. सांगलीला येऊन खुलासा करा, नाहीतर त्याला परत जावं लागेल. संयोगितानं डोक्याला हात लावला. कारण भामाबाईंनी आधीच गावभर सांगून टाकलं होतं की यंदा मशीन आहे, निवडायला बायका नकोत. बायका दुसऱ्या शेडवर गेल्या होत्या. आणि भामाबाईंच्या शब्दावर चाळीस घरांनी आपला बेदाणा त्यांच्या शेडमध्ये आणून टाकला होता. निकोस गेला तर तो तसाच पडून राहणार, आणि त्याच्यासंगं भामाबाईंचा शब्दही.

सांगलीच्या वाटेवर भामाबाई 'नोकर, नोकर' असं घोकत राहिल्या. तिथं गेल्यावर तोंडाचा नळ सोडला. नोकर म्हंजे पक्का नोकर हाय सायेब. लय आळशी. धा हाका मारल्या तर एकदा उठतो. सांगितलेलं ऐकत न्हाई. खातो चौघांचं आणि काम अर्ध्या माणसाचं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजी, जे काम इथल्या कुणाला येत नाही, त्याच्यासाठीच बाहेरचा माणूस आणता येतो. आळशी माणसं आपल्याकडं कमी पडली का?"

संयोगितानं हात जोडले आणि साहेबांना शेडवर येऊन डोळ्यांनी बघायची विनंती केली.

दुसऱ्या दिवशी साहेब शेडमध्ये उभे राहिले. निकोस पाना घेऊन मशीनच्या मागच्या बाजूला. बेदाणा एका तोंडानं आत जात होता, दुसऱ्या तोंडानं रंगाप्रमाणं वेगळा होऊन बाहेर पडत होता. भामाबाईंना वाटलं, साहेबांना काम थोडं दिसतंय. त्यांनी आणखी दोन पाट्या आत ओतल्या. मशीन घरघरलं आणि थांबलं. काय अडकलंय बघायला त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि हात घातला.

"हात लावू नको गं!" मागून निकोस गरजला. "एक काम धड येत न्हाई तुला. सरक तिकडं."

 भामाबाई सरकल्या. निकोसनं झाकण काढलं, आत मुंडी घातली, कोपरापर्यंत ग्रीस माखून घेतलं आणि पाच मिनिटांत मशीन सुरू करून दिलं.

"आजी," साहेब म्हणाले, "तुमचा नोकर तुमच्यावर ओरडतो?"

भामाबाईंनी मान खाली घातली. "वरडंल न्हाईतर काय करंल? मशीन त्याचं त्यालाच कळतंय. आमाला कुणाला कळतंय त्यातलं?"

"हेच पहिल्या दिवशी सांगायचं होतं." साहेबांनी तेवढं वाक्य लिहून घेतलं आणि खाली सही केली. मग हमीपत्र काढून चष्मा वर केला. "ह्यात लिहिलंय, ह्याच्या वागणुकीची जबाबदारी तुमची. मग एवढं मराठी हा कुणाकडनं शिकला?"

संयोगिता एकाएकी बेदाण्यातले खडे निवडू लागली. भामाबाईंनी पदर सावरला, छताच्या पत्र्याकडं बघितलं, निकोसकडं बघायचं टाळलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "सायबास्नी च्या ठिव जा. तुज्या हातचा बरा हुतो."

संयोगिताच्या लग्नाच्या अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच.