उकिडव्याचे मार्क

"सर, हा पाय परीक्षेपुरता बनवलाय. काका रोज घालतात तो वेगळा आहे," उर्मिला म्हणाली.

"परीक्षेला सिलॅबसमधलाच चालतो. दुसरा बॅगेत ठेव," परीक्षक ठोसर सरांनी बजावलं.

उर्मिला अकरा वर्षं कृत्रिम पाय बनवत होती. आता तिच्या सेंटरने फर्मान काढलं होतं, सर्टिफिकेट नाही तर काम नाही. दोनदा ती नापास झाली, कारण पेपरात विचारतात तसले पाय आता कुणी घालतच नाही, म्हणून ती बनवतही नव्हती. हा तिसरा आणि शेवटचा चान्स.

पेशंट म्हणून तिने वरसाव्याच्या पुंडलिककाकांना इंद्रलोक भागातल्या परीक्षा केंद्रावर आणलं होतं. मिठागरात हयात घालवलेला माणूस. उजवा पाय मांडीपासून गेलेला. सिलॅबसच्या पायावर काका दहा पावलं चालले, खुर्चीत बसले, उठले. सरांनी चेकलिस्टवर बरोबरच्या खुणा केल्या. आता फक्त तोंडी परीक्षा. तेवढ्यात काका संडासला गेले.

"बाय! मी अडकलो!" आतून काकांची हाक आली.

संडास देशी. सिलॅबसचा गुडघा मात्र खुर्चीपुरताच वाकणारा. काका धपकन खाली बसले, पाय ताठ पुढे जाऊन दाराला टेकला. आणि दार आत उघडणारं! सिलॅबस लिहिणाऱ्यांच्या घरी कमोड असणार. बाकीचं जग कसं बसतं, हे त्यांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

सरांनी दाराला खांदा लावला.

"ढकलू नको! कोन हाय तो?"

"मी परीक्षक!"

"मंग तुझाच पाय हाय ह्यो, तूच काढ!"

उर्मिला स्टुलावर चढली आणि दारावरच्या फटीतून रोजचा पाय आत सोडला. थोड्या वेळाने सिलॅबसचा पाय दारावरून बाहेर येऊन पडला, मागोमाग दार उघडून काका. सगळ्यांसमोर ते दोनदा उकिडवे बसले, दोनदा उठले.

"पण चेकलिस्टमध्ये उकिडवं बसणं नाहीये," सर पुटपुटले.

"पोटाला कुठे माहितीय चेकलिस्ट, सर?"

"सायेब, तुमी बसून दाखवा की," काका म्हणाले. "तुमचे तर दोन्ही पाय देवाने दिलेले."

बाकीचे परीक्षार्थी बघत होते. सर बसले. बसले ते बसलेच.

काकांनी हात पुढे केला. "उठा. पन आधी पोरीचा कागद."

सरांनी चेकलिस्टमधली 'खुर्ची' खोडली, वर 'उकिडवं' लिहिलं आणि तोंडी परीक्षा न घेताच उर्मिलाच्या कागदावर 'पास'ची सही केली. खाली बसल्या बसल्याच.