लहानूची काळी मिशी

बायको रंगूबाई गेल्याचा निरोप कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात आला, तेव्हा लूमच्या खडखडाटात तो लहानूच्या कानात दोनदा ओरडून सांगावा लागला. ती चौऱ्याहत्तरची दिवाळी. पुढच्या वर्षभरात लहानूला एवढं कळलं, की लूमवर उभं असेपर्यंत माणूस बरा असतो. खोलीवर गेलं की भिंतीशीच बोलायचं.

म्हणून म्हाताऱ्या कारागिरांना काढून तरणे घेणार असं मुकादम बाळाराम बोलला, तसा लहानू सुट्टीच्या दिवशी थेट अकलोलीला गेला. तिथे गरम कुंडांपाशी एक वैदू कायाकल्पाचं तेल विकत होता. डोक्याला-मिशीला चोळा, कुंडात बुडी मारा, वीस वर्षं मागे जाल, असं छातीठोक सांगत होता. लहानूने बुडी मारली आणि वर आला तो डांबराच्या पिंपातून निघाल्यासारखा. केस काळे, मिशी काळी, कानसुद्धा काळे!

दुसऱ्या दिवशी तो नवरदेवाच्या थाटात लूमवर उभा राहिला. दुपारपर्यंत पांढऱ्या कापडावर काळे पट्टे निघू लागले. बाळारामला वाटलं, लूमचं तेल गळतंय. त्याने मिस्त्रीकडून अर्धा लूम खोलवला. गळती सापडेना. शेवटी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शेवंताने लहानूच्या तोंडाकडे बोट दाखवलं. नवी कांडी घातली, की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं, ही तिथल्या सगळ्या कारागिरांची रीत. लहानूचं सूत दर वेळी मिशीला पुसून निघत होतं.

कारखाना हसून लोळला. बाळाराम मात्र हसता हसता थांबला.

"लहानूदादा, एवढे पट्टे निघाले, तुला दिसले न्हाय?"

लहानू कापडावर वाकला. नाक टेकेपर्यंत वाकला.

"कुठं हायेत?"

बाळाराम त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. तेलात शिसं, कुंडात गंधक, दोन्ही मिळून काळं झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर हे विष तोंडात गेलं म्हणून चांगलं झापलं.

"वय मागे नेणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही," ते म्हणाले. "चष्मा कर. लूम चालवशील."

चष्मा येईपर्यंत लहानूला कांडी खात्यात बसवलं. तिथे सगळ्या बायका. शेवंता रोज "सरका गं, नवरदेव आले" म्हणून जागा करून देते, आणि शिफ्ट सुटेपर्यंत त्याची खेचत राहते. तोही आता उलट उत्तरं द्यायला शिकलाय.

बाळाराम येता-जाता विचारतो. पण चष्मा अजून करायचा राहिला आहे.