ज्ञानू मिस्त्रींचं भ्या

ज्ञानू मिस्त्री कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी एक वाक्य बोलतात. "मला लय भ्या वाटाय लागलंय."

गिऱ्हाईक चपापतं. समोर सहा फुटी माणूस, सैन्याच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेला, झुपकेदार पांढऱ्या मिशा, मनगट माझ्या दोन मनगटांएवढं; आणि तो उघड्या बॉनेटसमोर हात मागं बांधून सांगतो की त्याला भीती वाटते. माधवनगरात त्यांच्या शेडसमोर थांबून, हे ऐकून, पुढच्या मिस्त्रीकडं गेलेले पुष्कळ आहेत. एक ट्रॅक्टरवाला जाता जाता म्हणाला, "मामा, मग बॉर्डरवर काय करत हुता?"

"तितंबी भ्यायचो," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर परत आलो."

त्यांच्या शेडसमोरच माझी भाड्याची खोली आहे. मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे फॉर्म भरताना, प्रॅक्टिकलला, सरांनी नाव घेतलं की, अशी मला दिवसातून चार वेळा भीती वाटते. पण मी ती कुणाला सांगत नाही. हा माणूस ती अशी रस्त्यावर उभं राहून सांगतो, याचं मला नवल वाटायचं.

त्यांच्या आणखी दोन खोडी गल्लीला पाठ होत्या. एक म्हणजे, रस्त्यावर जुनी पांढरी गाडी दिसली की ते हात करून थांबवायचे आणि म्हणायचे, "जरा मागचं दार उघडा. डाव्या अंगाच्या पट्ट्याचा बोल्ट बगतो. पैसं न्हाईत." लोकांना वाटायचं, म्हातारा काहीतरी विकतोय. काही जण काच वर करून निघून जायचे.

दुसरी खोड हजेरीची. दुरुस्त झालेली गाडी निघाली की ते बजावायचे, "पोचल्यावर फोन कर." फोन आला की विचारायचे, "कोण कोण पोचलं? एकेकाचं नाव सांग." ती नावं ते शेडच्या भिंतीवर खडूनं लिहीत. एका भाजीवाल्यानं वैतागून सांगितलं होतं, "मी आन् चाळीस किलो वांगी." भिंतीवर तेही आहे. फक्त सगळ्यात वरची एक ओळ मोकळी होती. नावं खालून दाटी करत होती, तरी त्या जागेवर ते काही लिहीत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर त्यांनी खडूचा तुकडा खिशात टाकला आणि चहा सांगितला.

या माणसाकडं आमची गाडी गेली, ती माझ्यामुळं.

माझी मोठी बहीण, आक्का, मेढ्याच्या वरच्या अंगाला एका डोंगरातल्या गावात दिलेली आहे. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठव्या महिन्यात बाईला हलवायचं नाही, हे आमच्याकडं पक्कं. आठवा शुक्रवारी लागत होता. मागच्या खेपेला एसटीत वळणावर तिला दोनदा चक्कर आली होती, म्हणून बाबांनी सांगलीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. गाडी वर्षभर गोदामात उभी होती. मागचा डाव्या बाजूचा सीटबेल्ट उंदरांनी निम्मा कुरतडला होता.

"एक दिवस बिनपट्ट्याची बसंल की," बाबा म्हणाले.

मी म्हणाले, "नाही बसायची." असं मी बाबांना कधी बोलत नाही. बोलून गेले आणि मग सगळी जबाबदारी माझ्यावर आली. बाबा फलटणकडं आमच्या गावी गेले, कारखान्याची पाळी होती. गुरुवारी सकाळी येऊन ते गाडी नेणार, मेढ्याला जाऊन आक्काला आणणार. मधे तीन दिवस. गाडी तयार नसेल तर आक्का बाळंत होईपर्यंत तिकडंच, आणि घरातले सगळे माझ्याकडं बघणार.

सोमवारी मिस्त्रींनी मागचं दार उघडलं आणि ठरलेलं वाक्य बोलले. मला रडू यायचंच बाकी होतं.

वरचा बोल्ट साध्या गोटी-पान्यानं निघाला. खालचा, सीटच्या बुडाशी असलेला, गंजून मातीनं भरला होता. शेजारच्या गॅरेजचा माणूस डोकावून म्हणाला, "गॅसनं उडवा की मामा, पाच मिनिटांचं काम."

"वर स्पंज, खाली पेट्रोलची टाकी," मिस्त्री म्हणाले. "उडवतो. तू आदी आत बस."

मग त्यांनी दाभणानं बोल्टच्या डोक्यातली माती टोकरायला सुरुवात केली. कण कण. वर जुना टूथब्रश. अर्धा तास गेला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, कणीक मळलीया का?"

मला वाटलं, यांना भूक लागली. मी दोन चपात्या लाटून आणते म्हणाले. "चपाती नगं. गोळा आण. घट्ट."

कणकेचा गोळा त्यांनी बोल्टच्या खळग्यात अंगठ्यानं दाबला, अलगद काढला आणि उजेडात धरला. कणकेवर छोटी चांदणी उठली होती, सहा टोकांची. एक टोक जरा झिजलेलं. "हितं डोळ्यावर इस्वास ठिवायचा न्हाई," ते म्हणाले. "डोळ्याला ही सहा कोनांची एलन की बी चालतीया असं दिसतंय. बसतीया बी. जोर दिला की फिरती, आन् बोल्टाचं डोकं गुळगुळीत. मग देव बी काडू शकत न्हाई."

फडक्यातून त्यांनी चांदणीच्या टोकाचे पाने काढले. सत्तेचाळीस नंबरचा आत गेला. मी खुश झाले. त्यांनी तो बोटांनी जरासा हलवला. केसभर फट होती. "खोटं बोलतंय," म्हणून परत ठेवला. पन्नास नंबरचा जाईना. तोच बरोबर आहे, आत अजून घाण आहे, असं म्हणून त्यांनी पुन्हा दाभण घेतलं. संध्याकाळी पन्नासचा टोकापर्यंत बसला. आता काढतील म्हणून मी उभी राहिले, तर त्यांनी गंजावर तेल सोडलं आणि शेड बंद केली.

मंगळवारी तेल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एखाद्या आजाऱ्याला औषध द्यावं तसं. पान्याला हात नाही.

बुधवारी बाबांचा फोन आला. "झालं का?"

"उद्या होईल."

"आगं, एक बोल्ट हाय का डोंगूर? त्येला म्हणावं हातोडा घाल."

मी फोन तसाच धरून मिस्त्रींकडं गेले. बाबांचा आवाज मोठा, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुला बी भ्या वाटतंय व्हय?"

"हो," मी म्हणाले. मोठ्यानं कुणाला हे सांगितल्याची माझी पहिलीच वेळ. मग धीर आला आणि मी विचारलं, "मामा, तुम्हाला कशाचं वाटतं?"

ते टायरवर बसले. हातातला पन्नास नंबर फडक्यानं पुसत राहिले.

"अकरा वर्सं झाली," ते म्हणाले. "आशीच पांडरी गाडी. नवरा, बायकू, आन् पाच-सा वर्साचं पोरगं. लग्नाला निगालेली. अक्षता चुकायला नगं म्हणून घाई. मागचा डावा पट्टा सैल हुता. ह्यो पाना मला गावंना. एलन की घातली. बसली. जोर दिला आन् डोकं गेलं. बोल्ट ना आत, ना भाईर. आर्दा लोंबकळत."

"मग?"

"मग काय. वरनं मॅट सारली आन् म्हणलं, झालं. पोरगं तितंच बसलं. मला टाटा केला." पाना फडक्यात गुंडाळत म्हणाले, "गाडीचा नंबर न्हाई घेतला. कुटनं आली, कुटं गेली, पोचली का न्हाई, ठावं न्हाई. सैन्यात बंदुकीच्या फुडं उबा ऱ्हायलोय. एवढं भ्या कवा वाटलं न्हाई."

भिंतीवरची मोकळी ओळ त्यांच्या डोक्याच्या मागंच होती. मी तिकडं बघितलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी बाबा सातलाच आले. आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, आवं, सुटतंय का न्हाई ते सांगा. न्हाईतर बिनपट्ट्याची निऊ."

"धा मिंटं," मिस्त्री म्हणाले. "आन् मला लय भ्या वाटाय लागलंय."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

मिस्त्रींनी डाग द्यायची विजेची सळई बोल्टच्या डोक्यावर टेकवून धरली. गाडीच्या कारखान्यात बोल्टच्या आट्यांना डिंकासारखं काहीतरी लावतात, ते ऊब मिळाल्याशिवाय सोडत नाही, असं ते पुटपुटले. मग पन्नास नंबर खळग्यात ठेवून वर दोन हलके ठोके दिले, पुरा बसेपर्यंत. त्याला लांब दांडा लावला. एका हातानं पाना बोल्टवर दाबून धरला, दुसऱ्यानं दांडा ओढला. धक्का नाही, हिसका नाही. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. दांडा वाकतोय असं वाटलं. मी मनात आक्काच्या गावापर्यंतची वळणं मोजत होते.

काट् असा आवाज झाला.

मी डोळे मिटले. तुटला. आता आक्का तिकडंच.

डोळे उघडले तेव्हा मिस्त्री दांडा हळूहळू फिरवत होते, आणि बोल्ट वर येत होता. अख्खा. त्यांनी तो तळहातावर घेऊन उजेडात बघितला, चांदणीची सहा टोकं बोटानं चाचपली. बाबा म्हणाले, "निगाला की. कशाला एवढं भ्यायचं?"

"भ्यालो म्हणून निगाला," मिस्त्री म्हणाले.

नवा पट्टा, नवा बोल्ट बसला. मग मिस्त्री स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. एवढा मोठा माणूस, गुडघे छातीशी आलेले. पट्टा लावला आणि अंगाचं सगळं वजन पुढं टाकलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. पट्टा टिकला. तरी ते उतरले नाहीत. शेजारच्या मोकळ्या सीटवर हात ठेवून, डोळे मिटून बसून राहिले. बाबांना उशीर होत होता, तरी त्यांनी हातातली किल्ली परत खिशात टाकली.

मीही गाडीत बसले. निघताना मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाले, "पोरी, पोचल्यावर फोन कर."

मेढ्याहून येताना आक्का डावीकडं बसली होती, पट्टा पोटाच्या खालून घेतलेला. प्रत्येक वळणाला माझा हात आपोआप सीटच्या बुडाशी जाऊन बोल्ट चाचपायचा. आक्का हसली. "काय शोधतीस गं?" मी काही नाही म्हणाले. दिवस मावळताना आम्ही घरी पोचलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी चपला न काढताच फोन लावला.

"मामा, पोचलो."

पलीकडं खडू भिंतीवर टेकवल्याचा आवाज. "कोण कोण पोचलं? एकेकाचं नाव सांग."

मी बाबांचं सांगितलं. आक्काचं सांगितलं. माझं सांगितलं. इतके दिवस ते मला नुसतं 'पोरी' म्हणत होते; लिहिताना त्यांनी ते परत विचारून घेतलं.

"आन् पोटातलं?"

"त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले. "जागा सोडतो."