सुर्वेकाका आणि दोन बहिणी

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवायच्या आधी सुर्वेकाका तिचं दार चारदा लावून बघतात. डोळे मिटून, मान जरा तिरकी करून. मालक नारळ घेऊन ताटकळत उभा, त्याची बायको आरतीचं ताट सांभाळतेय, आणि काकांची दारं उघडणं-लावणं चालूच. चौथ्यांदा दार लागलं की निकाल. "गाडी चांगली आहे, भाऊ. मागचं डावं दार जरा नाराज आहे, पहिल्या सर्व्हिसिंगला सांगा." मग नारळ फुटतो.

हा आगाऊपणा आम्ही खपवून घेतो, कारण काकांचा निकाल आजवर चुकलेला नाही. काका मूळचे रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं ते एका शेटच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शेटचं घर पार्ल्याला, कारखाना आमच्या हाटकेशला. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही आणि हॉर्न तर ते वाजवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. "हॉर्न मारायची वेळ आली म्हणजे ब्रेकला उशीर झाला," असं त्यांचं म्हणणं. मी गाडी चालवायला लागलो की दर दोन मिनिटांनी हे वाक्य आठवतं आणि हॉर्नवरचा हात काही निघत नाही.

काकांची दुसरी ख्याती बोलण्याची. लिफ्टच्या दारात पाय घालून त्यांनी मला एकदा क्लच म्हणजे काय ते समजावलं होतं. वरचे लोक बेल मारमारून थकले आणि जिन्याने खाली आले. तेव्हापासून ऑफिसला उशीर होत असला की मी पाचव्या मजल्यावरून चालतच उतरतो. पण सुट्टीच्या दिवशी मी स्वतःहून त्यांच्या तावडीत सापडतो, कारण माणूस बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

तर या काकांकडे दिवाळीनंतर दोन गाड्या झाल्या. स्वतःची एक होतीच, साधी, अकरा वर्षं जुनी. शेट मुलाकडे कायमचे परदेशात निघाले तेव्हा त्यांनी आपल्या गाडीची चावी काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सुर्वे, अब ये तुम्हारी." ही गाडी भारीतली. गंमत अशी की दोन्हींची कंपनी एकच. फक्त भारीतल्या गाड्या ती वेगळ्या नावाने विकते, वेगळ्या शोरूममध्ये, जिथे आधी कॉफी विचारतात. मला हे ठाऊक नव्हतं.

"एका आईच्या दोन मुली, भाऊ," काका म्हणाले. "एक दिली मोठ्या घरात, एक दिली आपल्यात."

झालं, दुसऱ्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग शेटच्या गाडीला थोरली आणि काकांच्या जुनीला धाकटी म्हणायला लागली.

अडचण एकच होती. आमच्याकडे एका फ्लॅटला एकच पार्किंग. सेक्रेटरी मेहताभाईंनी सांगून टाकलं, "सुर्वेजी, महिनाअखेर तक देखो. फिर एक ही रखने का." म्हणजे दोघींतली एक जाणार. आम्हा सगळ्यांचं मत थोरलीच्या बाजूने. बिल्डिंगची शान वाढेल म्हणून. मला तर त्या गाडीतून एकदा मेहुण्याच्या दारात उतरायचं होतं, खोटं कशाला बोला.

काका मात्र शानेला भुलणारे नव्हते. "शो राहू दे. रोजला कोण, ते बघायचं," असं म्हणून त्यांनी रीतसर परीक्षा सुरू केली, आणि परीक्षेला सामान म्हणून मला घेतलं. मांडीवर बिनझाकणाच्या पातेल्यात काकींनी केलेली सोलकढी. हाटकेशच्या खड्ड्यांतून आधी थोरली. एक थेंब सांडला नाही. मग धाकटी. पहिल्याच खड्ड्याला निम्मी सोलकढी माझ्या पँटवर.

"धाकटी हरली," मी पँट झटकत म्हणालो.

"हरली. पण रस्ता कुठला ते कळलं ना तुम्हाला? थोरलीत बसून खड्डा कधी गेला कळला?"

नव्हता कळला. हा गुण की दोष, यावर त्यांनी पुढची वीस मिनिटं घेतली आणि तोवर माझी पँट वाळली.

काशीमीऱ्याच्या नाक्यावर डावीकडून ट्रक, उजवीकडून बस आणि मधून रिक्षा घुसल्या, तेव्हा थोरलीत काका श्वास रोखून मागे थांबले. दुसऱ्या दिवशी धाकटीत बसून तोच नाका त्यांनी लोण्यातून सुरी जावी तसा पार केला. "थोरली मागं सरते. धाकटी पदर खोचते," ते म्हणाले. तिथल्याच एका गॅरेजमध्ये उस्मानभाईंनी दोघींना वर उचलून खालून पाहिलं आणि सांगितलं, "काका, नीचे से आधा सामान सेम है." काकांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. नातं पोटातून निघालं, म्हणाले. मासळीचा मात्र पेपर त्यांनी घेतलाच नाही. बोंबलाची ओली पिशवी थोरलीत ठेवणं म्हणजे शालू नेसून भांडी घासणं, एवढंच बोलून त्यांनी धाकटीला पूर्ण मार्क दिले.

तरी एकूण पारडं थोरलीचंच जड होतं. सीट, एसी, ब्रेक, आवाज. "आवाज म्हणजे, आवाजच नाय," काका अभिमानाने सांगायचे. स्वतःची लेक सासरी सुखात असावी तसं तिच्याबद्दल बोलायचे. मी मनातल्या मनात मेहुण्याच्या बिल्डिंगचं गेटही गाठलं होतं.

शेवटची परीक्षा काकींची. शेटची ती गाडी काकांनी शेवटची नऊ वर्षं चालवली, पण काकी तिच्यात कधी बसल्या नव्हत्या. मालकाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा काकांचा नेम. आता गाडी स्वतःची, म्हणून एका रविवारी विरारला काकींच्या बहिणीकडे जायचं ठरलं. काकी घडीची साडी नेसून खाली आल्या. काकांनी दार उघडून धरलं, काकी बसल्या, दार लागलं. आम्ही गॅलरीतून बघत होतो. मला फार बरं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर काका धाकटीला धूत होते. पार्किंगच्या कडेला, जिथे थोरली उभी असायची, तिथे मेहताभाईंची स्कूटर.

"थोरली कुठाय?"

"पार्ल्याला. शेटच्या पुतण्याकडे चावी देऊन आलो. शेटना फोन केला, पाया पडतो बोललो, पण नको."

मी थक्क. सगळ्या पेपरांत पहिली आलेली पोर यांनी परत धाडली. कारण विचारलं. बादलीत फडकं बुडवून ते बराच वेळ पिळत राहिले.

"काल हिच्यासाठी सवयीनं मागचं दार उघडलं मी," ते म्हणाले. "तीपण बसली. मी पुढं. निघालो. काशीमीरा गेला, खाडीचा पूल गेला. एक शब्द नाय बोललो. राग नव्हता, काय नव्हतं. त्या गाडीत मला बोलायला येतच नाय, भाऊ. शेट चांगला माणूस, पण मागं त्यांचे फोन, धंद्याच्या गोष्टी. ड्रायव्हरनं ऐकायचं नाय, बोलायचं नाय. रोज दहा-दहा तास."

बावीस वर्षं. लिफ्टच्या दारातला तो पाय मला आठवला आणि स्वतःची लाज वाटली. दहा तास तोंड मिटून आलेला माणूस आमच्याशी बोलायला थांबायचा, आणि आम्ही जिने उतरून पळायचो.

"नायगावच्या पुढं तिनं मागनं विचारलं, अहो, अजून किती लांब? आणि मी काय बोललो असेन?" काका फडकं बॉनेटवर ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "मी बोललो, बस, पाँच मिनट, मॅडम."

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

"काकी काय म्हणाल्या?"

"काय नाय. म्हणाली, गाडी बाजूला घ्या, मी पुढं येते. घेतली. आली, बाजूला बसली. पदर सारखा केला." त्यांनी पुन्हा फडकं उचललं. "तरी भाऊ, विरार येईस्तोवर दोनदा मी तिला आरशातच शोधलं."