गेनूभाऊची हाळी

आमच्या शेजारचे गेनूभाऊ कुणाच्याही दारात थेट येत नाहीत. गल्लीच्या तोंडाला लिंबाचं झाड आहे, तिथं थांबायचं, एक हात कानामागं धरायचा आणि हाळी द्यायची, "वैनीऽऽ, हाय काऽऽ?" मी आतून "हायऽऽ!" म्हणून ओरडले की मगच पाऊल उचलायचं. आणि नाही ओरडले तर तिथंच उभं. वेळेचा काही हिशोब नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरायला लागला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळं माझा आवाज हा असा मोठा. आमचे मालक होते तेव्हा म्हणायचे, तू कानात सांगितलेलं वेशीपर्यंत जातं. पण गेनूभाऊला हाच आवाज पसंत. म्हणतात, "बाईमानसाचा आवाज असावा तर असा. टेकडीपलीकडं जातोय."

एकदा मी बीडला गेले होते, बाजाराला. दुपार टळल्यावर परत येते तर हा माणूस लिंबाखाली उभा. हातात वाटी.

"काय हो गेनूभाऊ?"

"इरजण पायजे व्हतं."

"कधीपासून उभे आहात?"

"सकाळधरनं."

"अहो, मी नाही म्हटल्यावर घरी जायचं ना!"

"तुमी न्हाई हे मला कुनी सांगितलं? उत्तरच आलं न्हाई."

आता सांगा, या माणसाला काय म्हणायचं? बँकेत गेले तरी पायरीवर उभे राहून "सायेबऽऽ, हाय काऽऽ?" सगळी रांग मागं वळून बघते. आतल्या साहेबांनी एकदा वैतागून "हाय, हाय, या!" म्हटलं, तेव्हापासून तो साहेब त्यांच्या लेखी देवमाणूस. फोनवरही तेच. लेक सुनंदा पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. ती बिचारी फोन उचलून "हॅलो" म्हणते, हे लगेच कट करतात. मी म्हटलं, "का हो कट केला?" तर म्हणे, "नीट उत्तर द्यायचं सोडून हॅलो म्हनती."

ही खोड कुठून आली ते मला फार उशिरा कळलं. माझं माहेर दिंद्रुडचं, सपाटीवरचं. डोंगरातल्या माणसांच्या रीती मला काय ठाऊक? गेनूभाऊ मेंढरंवाले. कपिलधारच्या वरच्या डोंगरात जन्म गेला. मेंढरं चारायची तर दोन माणसं लागतात, एक म्होरं, एक मागं. म्होरं हे, मागं त्यांची कौसाबाई. म्होरल्यानं टेकडीच्या माथ्यावर चढायचं, मागं तोंड करून विचारायचं, हाय का? मागल्यानं सांगायचं, हाय. म्हणजे मी आहे, मेंढरं आहेत, कुणी दरीत गेलं नाही, कुणाला लांडग्यानं ओढलं नाही. उत्तर येईपर्यंत म्होरल्यानं टेकडी उतरायची नाही. ऊन असो, पाऊस असो. उतरायचीच नाही.

कौसाबाई गेली. एकट्यानं मेंढरं होत नाहीत, म्हणून ती विकली. पण गेनूभाऊ काही घरी बसेनात. सकाळी काठी खांद्यावर टाकून निघायचे, दिवे लागायला परत. म्होरं मेंढरू नाही, मागं माणूस नाही.

"कुठं गेलता?" मी विचारायची.

"डोंगर बघून आलो."

"त्या डोंगराला काय झालंय?"

"काय न्हाई. हाय जागेवर."

मागच्या वर्षी पाय घसरून घळीत पडले. कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सरपण तोडायला गेलेल्या बायांना दिसले. पायाला सूज, ओठ वाळलेले, आणि बायांना काय म्हणाले असतील? "लई उशीर केला उत्तराला."

झालं, सुनंदा आली आणि हट्टच धरून बसली, आप्पा, पुण्याला चला. त्याआधी आठ दिवस ते पुण्याला राहून आलेले होते. तो किस्सा वेगळाच. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. हे भाजी आणायला खाली उतरायचे आणि परत आले की फाटकात उभे राहून "सुनंदाऽऽ, हाय काऽऽ?" चारी बाजूच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा. एक जण वरून म्हणाला, "काका, कोण पाहिजे?" तर हे म्हणाले, "तुमी न्हाई." सुनंदा नेमकी ड्यूटीवर. ती येईपर्यंत फाटकातच, भाजीची पिशवी घेऊन. वॉचमननं खुर्ची दिली तर त्याच्यावरही बसले नाहीत.

त्यामुळं पुणे म्हटलं की ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे. शेवटी बापलेकीत सौदा ठरला, आणि तो माझ्याच ओट्यावर ठरला. सुनंदाच्या दवाखान्यातले एक डॉक्टर आपल्याच डोंगरातल्या शर्यतीला येणार होते. शंभर मैलांची शर्यत. डांबरी रस्ता नाही, नुसत्या पायवाटा, दगडधोंडे, चढउतार. शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानातून निघायचं आणि सगळे डोंगर पालथे घालून सोमवारी सकाळी आठच्या आत तिथंच परत यायचं.

सुनंदा म्हणाली, "आप्पा, ही शर्यत वेळेत पुरी करा. केली तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही झाली, तर गुपचूप गाठोडं बांधायचं."

गेनूभाऊ म्हणाले, "बांध तुझंच गाठोडं."

मला वाटलं, आता हे रोज पहाटे उठून पळायला लागतील. छे! मी म्हटलं, "अहो, जरा सराव करा." तर त्यांचं ठरलेलं वाक्य, "टेकडी कुठं पळून चाललीय?" सराव केला तो फक्त कपाळाला लावायच्या बॅटरीचा. ती लावून भर दुपारी गावभर हिंडले. सुनंदानं महागाचे बूट पाठवले. ते रोज पुसून कोनाड्यात.

शनिवारी सकाळी मी मैदानात गेले. तिथं काय एकेक कपडे, काय एकेक पिशव्या! नळी तोंडात, पाणी पाठीवर. सगळ्यांनी आपापला नंबर छातीला लावलेला. गेनूभाऊंनी पाठीला. एक शिट्टीवाली पोरगी होती, ती सगळी व्यवस्था बघत होती. ती म्हणाली, "काका, नंबर पुढं लावतात."

"म्होरल्याला माझा नंबर घिऊन काय करायचं? मागनं येनाऱ्याला दिसला पायजे."

ती हसली. मीही हसले. बूट घालायचा तिनं फारच आग्रह केला म्हणून त्यांनी घातले, आणि पहिली टेकडी ओलांडल्यावर काढून, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले. पायात आपल्या जुन्या वहाणा. हे वाटेत पाणी द्यायला केलेल्या ठिकाणावरच्या पोरांनी फोन करून कळवलं. खराब होतील म्हणे, नवे हाईत.

शनिवारचा दिवस मोठ्या थाटात गेला. प्रत्येक माथ्यावर हे थांबायचे, मागं वळायचे आणि "हाय काऽऽ?" मागून येणाऱ्या शहरातल्या पोरांना काय, गंमत वाटली. सगळी ओळच्या ओळ ओरडायची, "हायऽऽ!" ते सुनंदाचे डॉक्टर तर सगळ्यांत मोठ्यानं. शिट्टीवाली मला म्हणाली, "काकू, तुमच्या काकांनी शर्यतीत जान आणली." मी गिरणी बंद करून तिच्याजवळच बसले होते. दळणं तशीच पडली. पडू देत.

रविवारी मात्र चित्र पालटलं. काही पोरं भरभर पुढं निघून गेली. काहींचे पाय गेले, काहींना ओकाऱ्या. एकेक जण जीपमध्ये बसून परत यायला लागला. डॉक्टर बरेच टिकले, पण दुपारी त्यांचा गुडघा गेला. लंगडत माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "काकू, मी मागून हाय म्हणणारा शेवटचा होतो. आता त्यांच्या मागं कुणी नाही."



पाण्याच्या ठिकाणावरून फोन आला. गेनूभाऊंना दम लागलेला नाही, पाय दुखत नाही, काही नाही. पण माथ्यावर गेले की उभे राहतात. हाळी देतात, ऐकतात, परत देतात. चहा हातात दिला तो गार होऊन गेला. तिथला माणूस म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय?"

"मागल्याची."

"मागं कुणीच नाही. तुम्हीच शेवटचे."

"असं कसं? कुनीतरी असतंच की."

उत्तर यायचंच नाही. मग किती तरी वेळानं मान खाली घालून उतरायचे. शिट्टीवाली घड्याळ बघून बघून हैराण. म्हणाली, "काकू, चालायला ते कुणाला हार जात नाहीत हो. थांबण्यातच सगळा वेळ चाललाय."

सोमवारी उजाडलं. आठ वाजायला थोडाच वेळ राहिलेला. सगळे मैदानाच्या कडेला उभे, समोरच्या टेकडीकडं डोळे लावून. आणि दिसले! माथ्यावर लाल मुंडासं. एकच आरडाओरडा झाला. एवढी टेकडी उतरली की मैदान, मैदानाच्या टोकाला ती शर्यत संपायची रेघ. पोरं ओरडायला लागली, "पळा काका, पळा!"

गेनूभाऊंनी आमच्याकडं पाठ केली. हात कानामागं धरला. आवाज फाटलेला होता, तरी खाली आला.

"हाय काऽऽ?"

काही नाही. वारा.

"हाय काऽऽ?"

पोरं शिट्ट्या मारतायत, शिट्टीवाली रडकुंडीला आलीय, आणि हा माणूस आख्ख्या डोंगराकडं तोंड करून उभा. त्यांच्या पाठीवरचा नंबर मला एवढ्या लांबून दिसत होता, कागद वाऱ्यानं फडफडत होता. आणि मी बघा, दोन दिवस तिथं बसून होते, सगळं ऐकत होते, पण तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी पुढं झाले, पदर खोचला, आणि गिरणी चालू असताना पलीकडच्या गल्लीत हाक मारते तशी ओरडले, "हायऽऽ!"

गेनूभाऊ दचकले. उत्तर भलत्याच बाजूनं आलं होतं ना! सावकाश वळले. खाली बघितलं. मी परत ओरडले, "हायऽऽ! या खाली!"

आणि उतरायला लागले. पळत नाही हं, चालतच. तोंडानं काहीतरी पुटपुटत. मैदानात आले ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे. डोळे लाल, गालावर धुळीचे ओघळ. म्हणाले, "वैनी, तुमी म्होरं कवा गेलता?"

मला हसावं का रडावं ते कळेना. म्हटलं, "ते नंतर सांगते. आधी ती रेघ ओलांडा!"

तर हे मटकन खाली बसले. रेघ चार पावलांवर. गळ्यातले बूट काढले आणि पायात घालायला लागले. शिट्टीवाली किंचाळलीच, "काका, वेळ!"

"फोटू काढनार ना तुमी? पोरगी बघंल. म्हनंल, बापानं बूट घातलेच न्हाईत."

सुजलेले पाय आत जाईनात. टाचा बाहेरच राहिल्या, नाड्या लोंबत राहिल्या. तसेच फटक फटक करत उठले आणि आठच्या आत रेघेपलीकडं गेले. पोरांनी उचललं तर ओरडले, "अय, खाली ठिवा, बूट पडंल!"

डॉक्टरांनी सुनंदाला फोन लावून यांच्या कानाला दिला. गेनूभाऊ म्हणाले, "हाय का?" पलीकडून पोरगी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण या वेळी त्यांनी फोन कट केला नाही. कितीतरी वेळ नुसता कानाला धरून उभे होते. मग मला म्हणाले, "रडती म्हनं. जिंकलो मी, आन् रडती ती."

पदक मिळालं, ते कोनाड्यात बुटांच्या शेजारी आहे. पुण्याचा विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडली. दळणांचा ढीग पडला होता. नऊ वाजले, दहा वाजले, लिंबाखालून हाळी काही आली नाही. पाय सुजलेत, आज कुठले येतात, असं म्हणून मी पट्टा चालू केला. थोड्या वेळानं बंद केला.

एवढी वर्षं हा माणूस सगळ्या गावाला विचारत हिंडतोय. त्याला कुणी विचारलंय का? मी तरी कुठं विचारलं?

मी लिंबाखाली जाऊन उभी राहिले. पिठाचा हात कानामागं धरला. "गेनूभाऊऽऽ, हाय काऽऽ?"

बराच वेळ काही नाही. त्यांच्या घरातून फक्त भांडं सरकल्याचा आवाज आला, बहुतेक गरम पाण्यात पाय सोडून बसले असणार. मी हलले नाही. उत्तर आल्याशिवाय हलायचं नसतं, एवढं मला आता कळत होतं.

मग आवाज आला. बारीक, चाचरत, सूर पार चुकलेला. जन्मभर विचारायचंच काम केलेलं, उत्तर द्यायचं काम कौसाबाईचं.

"हाय," ते म्हणाले. आणि मग जरा मोठ्यानं, "हायऽऽ, वैनी."

मग मी त्यांच्या घरात गेले.