गुडघे वाकवून

"मनुष्य हा पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत उधळ्या प्राणी आहे आणि ही उधळपट्टी तो पायांनी करतो," असं योगराज सरांनी पांझरा नदीच्या काठावर जाहीर केलं. त्या वेळी ते एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायातली चप्पल चिखलात रुतली होती आणि शकीलभाई ती काठीने उकरत होते.

सर जन्मभर धुळ्यात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पावलागणिक माणसाचं डोकं दोन बोटं वर जातं आणि खाली येतं. म्हणजे माणूस दिवसभर स्वतःलाच उचलतो आणि खाली ठेवतो. हे हमालीचं काम त्याला सांगितलं कुणी? तेव्हा गुडघे वाकवावेत, कंबर खाली सोडावी आणि डोकं एका पातळीत ठेवून घरंगळत जावं. भरलेली कपबशी हातात घेऊन सर तसे चालून गेले, थेंब सांडला नाही. त्या दिवसापासून कापडवाले शकीलभाई त्यांचे पहिले अनुयायी झाले. दुसरा अजून मिळायचा होता.

सरांची मुलगी कामिनी शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून नावाजलेली होती. घरात मात्र ती नुसती कामिनी होती. तिने वडिलांना समजावून पाहिलं. "बाबा, झोका वर जातो तेव्हा त्याची ताकद वाया जाते का? ती खाली येताना परत मिळते. चालणं तसंच आहे. पाय सरळ असला की वजन हाडं पेलतात. गुडघा वाकला की सगळं मांडीवर येतं."

"मग मांडी कशाला दिलीय?" सर म्हणाले आणि तिसरी कळण्याची भाकरी मागून घेतली. महिन्याभरात घरातलं पीठ लवकर संपायला लागलं होतं. थंडीत भूक लागतेच, असं सर म्हणत. कामिनीची आई, सुनंदाबाई, फक्त दळण वाढवत.

हे सगळं घरातल्या घरात निभावलं असतं. पण कामिनीचं धरणगावच्या नीलेशशी जमत आलं होतं. दोघं एकमेकांना पसंत, आईबापांना पसंत. अडलं होतं ते नीलेशच्या चुलत आजोबांपाशी, उखर्डू नानांपाशी. नानांनी हयातभर बैलबाजार केलेला. पत्रिका खोटी असू शकते, चाल खोटी नसते, हा त्यांचा सिद्धांत. सोयरिकीआधी ते न कळवता मुलीच्या गावी जात आणि घरच्या माणसांची चाल बघून येत. नीलेशच्या थोरल्या भावाची सोयरीक त्यांनी मुलीचा मामा टाच घासतो एवढ्यावरून मोडली होती. त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नसे.

त्या सकाळी नीलेशचा फोन आला. नाना पहाटेच्या एसटीने धुळ्याला निघाले होते आणि एव्हाना पोचलेही असतील. कामिनीने बाबांना फोन लावला. तो स्वयंपाकघरातच, चार्जिंगला लावलेला, वाजायला लागला. बाबा नदीवर होते. ती चपला घालून धावत सुटणार, तोच दार वाजलं. पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. नाना काठीवर वाकून आत आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बसले ते बसलेच. पाय धुवायला उठले नाहीत. कामिनी पाया पडली तेव्हा नुसता हात वर केला. चहा दिला तर तो बशीत गार होत गेला. सुनंदाबाईंना ही लक्षणं काही बरी दिसेनात.

आणि खिडकीतून सर येताना दिसले. गुडघे वाकलेले, कंबर खाली, डोकं एका पातळीत. फाटकातून ते घरंगळत आत आले. नानांची नजर सरांच्या गुडघ्यांवरून हलत नव्हती.

दारातच सरांना पाहुणे दिसले. नानांच्या मागून कामिनी हाताने ताठ व्हा, ताठ व्हा अशी खूण करत होती. सरांना एका क्षणात सगळं उमगलं. त्यांनी गुडघे सरळ करायचा प्रयत्न केला. गुडघे अर्ध्यावर येऊन थांबले आणि मांड्या थरथरू लागल्या. महिन्याभराची तपश्चर्या नको तेव्हा फळाला आली होती.

"सर," नाना सावकाश म्हणाले, "त्या दारलगून जा. परत या."

कामिनीने चहाचा ट्रे घेऊन ज्या बैठकीतून यायचं होतं, त्याच बैठकीतून तिचा बाप चालून दाखवायला निघाला. सुनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. सरांनी उजवा पाय उचलला, तर उजवा हातही पुढे गेला. ते दुरुस्त करायला गेले तेव्हा दोन्ही हात पुढे आले. चालताना हात कुठे असतात, हे जन्मभर शिकवणाऱ्याला आठवेना. कसेबसे ते आतल्या दारापाशी पोचले आणि कपाळावरचा घाम पुसत उभे राहिले. आपल्या दोन बोटांच्या बचतीपायी लेकीचं लग्न मोडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"बाबा," कामिनी हळूच म्हणाली, "झोका."

सरांनी विचार सोडला आणि पाय सोडला. पाय आपोआप पुढे झुलला, टाच टेकली, गुडघा सरळ झाला, अंग वर उचललं गेलं आणि अलगद खाली आलं. पुन्हा दुसरा पाय. डोकं पावलागणिक वरखाली होत होतं, सगळी उधळपट्टी राजरोस चालली होती आणि महिन्याभरात पहिल्यांदाच सरांना धाप लागलेली नव्हती. ते खुर्चीपाशी येऊन थांबले.

नानांनी गार चहा एका घोटात संपवला.

"गुडघा सुटस," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, "पोर पसंत शे. नीलेशले सांगी द्या."

सुनंदाबाई साखर आणायला आत धावल्या. कामिनी फोन घेऊन गच्चीवर गेली. नाना मात्र तसेच बसून होते. जरा वेळाने त्यांनी सरांना बोटाने जवळ बोलावलं आणि आत कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलले.

"सकाये नदीवर तुम्हले दखं. म्हतलं, शिकेल माणूस शे, काहीतरी फायदा व्हई. मी बी नदीपाईन तसाच वाकीसन चालत उनू." त्यांनी काठी सरांच्या हातात दिली. "माले जरा उठाडा."